गोधडीचा घास

मी एक जुनी गोधडी आहे. शिवून मला एकच वर्ष झालं, पण कापड जुनं आहे आणि पेटीतलं वर्ष फार लांब असतं. ज्या लेकरासाठी मला शिवलं, त्याच्या अंगावर मी अजून पडलेली नाही. कुणाच्याच अंगावर पडलेली नाही.

मित्रांनो, वर्ध्याला लागून बोरगाव मेघे आहे. तिथे एक लहानसं चर्च आहे, आणि त्या चर्चच्या आठ-दहा बायांचं आणि एका प्रभाकररावांचं एक मंडळ आहे. दरवर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, हे मंडळ कुठल्यातरी दूरच्या देशासाठी काम करतं. कधी तिकडच्या विहिरीसाठी, कधी शाळेच्या बाकांसाठी. शेजारच्या विमलाबाई कुंपणावरून टोमणा मारायच्या, "काऊन वो, इथं गरीब कमी पडले काय, म्हणून सातासमुद्रापार धाडता?" मंडळाच्या सुलोचनाबाई सुईतून डोळे न काढता म्हणायच्या, "आपल्या दवाखान्याले परक्या देशातून मदत आली, तवा तिथल्या बायायनं असंच इचारलं असतं तं तुहा गोपाल कुठं जन्मला असता?" विमलाबाई दुसऱ्या दिवशी एक जुनं लुगडं आणून टाकायच्या.

त्यातलंच एक लुगडं माझ्या अंगात आहे. माझ्या पोटात एका म्हाताऱ्या फादरचा झिजलेला पांढरा झगा आहे. वरून सुलोचनाबाईंची हिरवी साडी आहे. आणि या सगळ्यांना धावदोऱ्याने एकत्र बांधलं ते सखूबाईने.

सखूबाई चर्चचं अंगण झाडते. आदिवासी बाई, एकटी, थोडी हट्टी. तिचा टाका मुंगीच्या रांगेसारखा चालतो. शिवताना ती कधी आपल्या बोलीत गुणगुणायची, कधी आमच्या:

उभा दोरा, आडवा दोरा, दोऱ्याले नाई गाव
ज्याच्या अंगी पडशील बाई, त्याचं सांग नाव

नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. देश ठाऊक होता. आफ्रिकेत लेसोथो नावाचा डोंगराळ देश आहे. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथे बर्फ पडतं. सुलोचनाबाईंची भाची, सिस्टर मोहिनी, तिथल्या एका बाळंतिणींच्या दवाखान्यात आहे. तिने मागितलं होतं, "मावशी, वीस पाळणे आहेत. वीस गोधड्या पाठवाल का?"

वीस शिवल्या. आता आमच्याकडची रीत सांगते. गोधडी शिवून होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. शिवणारी बाई त्यात ज्वारीचे चार दाणे घालते आणि मग तोंड शिवते. हा गोधडीचा घास. जी स्वतः उपाशी, ती दुसऱ्याला ऊब काय देणार? आणि घास काढायचाच झाला, तर ज्या हाताने घातला त्याच हाताने काढायचा.

पार्सलचं काम प्रभाकररावांकडे होतं. टपालात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे नियम म्हटले की त्यांची छाती फुगायची. नागपूरला पार्सलच्या कचेरीत एका बाईने माझा कोपरा चिमटीत धरून विचारलं, "काका, यात काय आहे?"

"ज्वारी," प्रभाकरराव अभिमानाने म्हणाले. "आमच्या गोधड्या जेवून निघतात."

परदेशात धान्य, बी-बियाणं असं पाठवता येत नाही. आम्ही विसाही जणी त्याच गाडीने परत आलो.

"चाळीस वर्षं टपालात काढली तुमी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"आपण पत्रं वाटली, बाई. गोधड्या नाई."

दुसऱ्या दुपारी बायांनी आपापले कोपरे उसवले, दाणे चिमण्यांना टाकले, पुन्हा टाके घातले. एकोणीस गोधड्या गेल्या. सखूबाई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेली होती. मी राहिले.

ती परतल्यावर सुलोचनाबाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं, कात्री हातात दिली. सखूबाईने कात्री खाली ठेवली.

"उपाशी गोधडी मी लेकरावर घालू देत नाई."

"अवं, चार दाणे तं हायेत."

"माह्या पहिल्या पोरीले मागून आणलेली गोधडी होती, बाई. घाईत शिवलेली. तिच्या कोपऱ्यात घास नव्हता." एवढं बोलून ती उठली. "पोरगी थंडीतच गेली."

तिच्या हाताशिवाय मला उसवायचं नाही, आणि उसवल्याशिवाय मला जाता यायचं नाही. प्रभाकररावांनी मला घडी करून मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवलं. ज्वारीच्या वासाने उंदीर यायचे, म्हणून झाकण घट्ट बसवून कुलूपही लावलं.

मित्रांनो, बर्फासाठी शिवलेल्या गोधडीने वर्ध्याचा मे महिना लोखंडी पेटीत काढणं म्हणजे काय, हे कसं सांगू? पत्रा तापायचा. डांबरगोळ्यांच्या वासाने माझा हिरवा रंगसुद्धा गुदमरायचा. शेजारी नाताळच्या गोठ्यातली मातीची माणसं होती. एका मेंढपाळाचा तुटका हात माझ्या घडीत रुतून बसला होता. रात्रंदिवस उंदीर पत्रा कुरतडायचे. जून आला असेल, मी मनात म्हणायची. तिकडे बर्फ पडलं असेल. विसाव्या पाळण्यात काय घातलं असेल?

कुणी माझा राग केला नाही. उलट सगळे मला जपत होते. महिन्यातून एकदा कुलूप ओढून बघायचे, घट्ट आहे ना म्हणून. ते ओढणं ऐकलं की मला वाटायचं, आता उघडतील. पावलं लांब जायची. नाताळात झाकण उघडलं, मेंढपाळ बाहेर गेला. जानेवारीत तो परत आला आणि झाकण पुन्हा बसलं.

सखूबाई रोज त्याच खोलीतून झाडू न्यायची. पेटीपाशी तिची पावलं थांबायची. एकदा तिने पत्र्यावर हात ठेवला. तळहाताची ऊब आत पोचली. मी इतरांना जे द्यायचं, ते मलाच मिळत होतं, आणि मी ते पुढे देऊ शकत नव्हते.

यंदाचा उपवासकाळ आला. बाया पुन्हा शिवायला जमल्या, या वेळी रिकाम्या कोपऱ्यांच्या गोधड्या. सखूबाई सुईला शिवली नाही. दाराशी बसून राहायची. एका दुपारी सिस्टर मोहिनीचा फोन आला. सुलोचनाबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मलाही आला.

"गोधड्या फार कामी आल्या, मावशी. एकोणीस लेकरं गुंडाळली की विसाव्याला मी माझा स्वेटर घालते. काल रात्रीच एक मुलगी जन्मली. लहानशीच आहे."

दाराकडून आवाज आला. "तिची माय जेवते काय?"

"कोण? सखूमावशी? जेवते ना. मक्याची घट्ट लापशी खाते, दोन वेळा."

"मंग लेकराले पुरत असन."

"तिच्या दुधावरच तर आहे ती."

सखूबाई उठून आत आली आणि म्हणाली, "प्रभाकरराव, किल्ली द्या."

कुलूप गंजलं होतं, दोनदा अडकलं. उजेड आला तेव्हा मी आंधळीच झाले. सखूबाईने मला मांडीवर घेतलं आणि आपल्याच टाक्यांवर कात्री चालवली. उसवताना दुखलं. चार दाणे तिच्या तळहातावर पडले, काळपट, कीड लागलेले. तिने ते निवडले नाहीत. तोंडात टाकले, हळूहळू चावले, गिळले.

"तुही माय मी," ती मला म्हणाली. "लेकराचा घास मायच्या तोंडातूनच जाते. तुह्या वाटचं मी खाईन."

आणि कोपरा शिवला.

आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, नव्या गोधड्यांच्या सर्वांत वर. पुन्हा अंधार, पुन्हा दाटी. चिकटपट्टी लावून झाली आहे, सोमवारी नागपूर. पोचेन की नाही, ठाऊक नाही. पण मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या पेटीत कुणासाठी तरी केलेली वस्तू मायेने कुलूपबंद असेल. ती कोंडलेली आहे. तिला काढा. उसवावं लागलं तर उसवा. दुखेल, पण ते आम्हाला चालतं.

आज शुक्रवार. उपवासाचा दिवस. खोक्याच्या पलीकडे सखूबाई भाकरी खात बसली आहे. फादर तिच्यापाशी थांबले.

"सखूबाई, आज उपास ना?"

"उपासच हाय मले, फादर," ती चावता चावता म्हणाली. "हे तिच्या वाटचं हाय. तिले लांब जायचं हाय."