मालनच्या पिंजऱ्यातला शेजारी

मी माकड बोलतोय. तुमच्याकडे ही शिवी असते. माझं ते आडनाव आहे. परळच्या एका प्रयोगशाळेत माझा मुक्काम. शिक्षण? दिवा लागला की दोरी ओढायची आणि दाणे घ्यायचे, एवढंच. पुढच्या धड्याला मी शिकवणाऱ्याचा चष्मा पळवला, तिथेच शाळा सुटली.

आमच्या खोलीत डॉक्टर ललिताबाई वही घेऊन बसायच्या. कोण कुणावर रुसलं, कोण कुणाच्या उवा काढतं, सगळं टिपायच्या. चाळीच्या गॅलरीत बायका हेच करतात; ललिताबाईंना त्यासाठी परीक्षा द्यावी लागली होती.

छप्पन्न सालचा जानेवारी. बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे, गोळीबार, संचारबंदी. आत मालन माकडिणीचं पिल्लू तापाने गेलं. निरीक्षणाच्या नियमाप्रमाणे बाईंनी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. चार दिवस दाण्याला शिवली नाही.

"आजारी आहे," मोठे साहेब म्हणाले. "पाचपर्यंत खाल्लं नाही तर पलीकडे पाठवा."

पलीकडे म्हणजे चिरफाडीची खोली. तिथून परत आलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

"साहेब, तिला दुःख झालंय."

"मग दुःख वहीत मोजून दाखवा, बाई."

साहेब गेले. आमचे पिंजरे झाडणारा कुशाबा भोईवाड्याहून गल्लीबोळांतून जीव मुठीत धरून आला होता. त्याने झाडू टेकवला.

"बाई, बोलू का? परवा आमच्या शेजारच्या अंबिकाचा नवरा गोळी लागून गेला. घरात चूल पेटली नाही. आमची मंडळी पिठलं-भात घेऊन गेली. पण ताट सरकवून परत नाही आली, हां! मांडीला मांडी लावून बसली, तेव्हा कुठे अंबिकाने घास उचलला. आपण हिला एकटीला कोंडून ताटली सरकवतोय."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "आत कुणाला सोडायचं?"

कुशाबाने माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला? अरे, हा सगळ्यांचं पळवून खातो!"

"चोर आहे. पण शेजारी आहे ना!"

दार उघडलं. आणि मी काय केलं? ताटलीतले सगळे चणे गालात कोंबले. सवय! बाईंनी कपाळावर हात मारला. घड्याळात साडेचार.

मालन हललीसुद्धा नाही. एरवी तिने माझा कान फाडला असता. तेव्हा मात्र मी घाबरलो. जवळ सरकलो, तिच्या पाठीचे केस चाळू लागलो. एक ऊ सापडेल तर शपथ! तरी शोधत राहिलो.

बाहेर धाडकन आवाज झाला. मालनने माझा दंड धरला. घट्ट. सोडेचना.

जिन्यावर साहेबांचे बूट वाजले. बाई उठून दाराशी आडव्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात मालनने दोन्ही हातांनी माझं तोंड फाकवलं, गालात बोट घातलं आणि माझे ओले चणे काढून खायला लागली. एक, दोन, मूठभर! जन्मात पहिल्यांदा मला कुणी लुटलं, आणि मी आ वासून बसलो.

"काय चाललंय?" साहेब दारात.

बाई बाजूला सरकल्या. कुशाबा म्हणाला, "पंगत बसलीय साहेब. जरा हळू."

साहेबांनी मालनला खाताना पाहिलं. मग पाय न वाजवता गेले.

आज चार वर्षं झाली. महाराष्ट्र झाला, माझे दात पडले. मालन आणि मी एकाच पिंजऱ्यात राहतो, भांडतो. माणसांनो, तुमच्यातलं कुणी असं भिंतीकडे तोंड करून बसलं, तर ताट सरकवून निघून जाऊ नका. बसा शेजारी. आणि ते तुमच्या तोंडातलं काढून खायला लागलं, तर हूं की चूं करू नका.