माक आणि वाल्मू

लोलँड या डॅनिश बेटावर बीट खुरपायला आलेल्या पोलिश बायकांचा मुकादम होता क्लेमेन्स. त्याला तीन भाषा यायच्या, आणि त्या जोरावरच तो खुरप्याला हात न लावता पगार घ्यायचा. मालकाचं बायकांना सांगायचं, बायकांचं मालकाला, आणि मधलं नको ते गाळायचं. गाळण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या दिवशी दुपारी अगाताचं तान्हं उठेचना. ओठ निळे पडलेले, श्वास चालू आहे की नाही तेही कळेना. अगाता शेतातून धावत आली होती आणि त्याला गदागदा हलवत होती. मालकीण सिडसेल दारात उभी. गडी गाडी जुंपून डॉक्टरला आणायला गेला होता, पण गाव लांब.

"काय पाजलंस?" क्लेमेन्सनं अगाताला विचारलं.

"माक. इथल्याच परसातली बोंडं उकळून एक चमचा. नाहीतर कामावर कशी जाऊ?"

यात नवल काहीच नव्हतं, सगळ्याच पाजायच्या. तो सिडसेलकडे वळला. ती रडतरडत सांगू लागली. अगाता शेतावर गेली तरी पोर झोळीत किरकिरतच होतं, सिडसेलला कळवळा आला, तिनंही चमचाभर वाल्मूचं पाणी पाजलं. तिची स्वतःची लेकरं त्यावरच झोपायची.

क्लेमेन्सला सगळं उमगलं. माक म्हणा, वाल्मू म्हणा, जर्मनांचं मोन म्हणा, अफूच ती मेली! आईनं दिलेली चढायच्या आत हिनं दुसरी दिली. दोघींना एकमेकींशी चार शब्द बोलता आले असते तर पोर आता दूध मागत असतं.

सिडसेलनं काळी कॉफी करून आणली, ती पाजून पाहिली, तळपायांवर चापट्या मारल्या. डॉक्टरची गाडी फाटकात शिरली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

सिडसेलनं क्लेमेन्सला बाजूला घेतलं आणि आपण पाजल्याचं अगाताला सांगू नकोस म्हणून गयावया केली. त्यालाही पुढचं दिसतच होतं. बायका खवळल्या तर काम बंद, आणि काम बंद तर मुकादमाला कोण पोसणार?

अगाता पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

"मुकादम, थोरल्या दोघांनाही मी एवढंच पाजायचे. मग हा कसा गेला?"

खरं सांगितलं असतं तर तिचा निम्मा भार तरी उतरला असता.

"इथला माक कडक असतो," तो म्हणाला. "तुला कळायला हवं होतं."

"म्हणजे मीच मारलं त्याला."

ती काय म्हणतेय, असं सिडसेलनं दारातून विचारलं.

"कॉफीबद्दल तुमचे आभार मानतेय," क्लेमेन्सनं सांगितलं.