दाराचं रबर

त्याने फ्रिजच्या पाठीला कान लावला आणि हात वर करून सासूबाईंना गप्प राहायची खूण केली. खरं तर त्या काही बोलतच नव्हत्या. ओट्याशी हातात फडकं घेऊन नुसत्या उभ्या होत्या. मागे, अगदी खाली, काळ्या डब्यातून एकसुरी घरघर येत होती.

"कॉम्प्रेसर चालू आहे," तो म्हणाला. "म्हणजे धुगधुगी आहे अजून."

"मग खाली गार का होत नाही? वर बर्फ दगडासारखा, आणि खाली काल दूध नासलं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय ते वेगळंच. तुम्हीच बघा."

तो लिफ्टच्या कंपनीत देखभालीचं काम करायचा. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं दिसेल ते बटण दाबत सुटतात. तो मात्र आधी उभा राहून ऐकतो. त्या सवयीमुळे या घरातलं काही बिघडलं की त्यालाच बोलावणं यायचं. मिक्सर, नळ, शिवणयंत्राची मोटर, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. पण तेव्हा तो या घरचा जावई होता. घटस्फोटाचा निकाल लागला त्यालाही आता बरेच महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्याने हा जिना चढला नव्हता.

काल संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला होता. त्यांना सासूबाई म्हणणं आता कायद्याने चूकच, पण त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता. समोर तो त्यांना आई म्हणायचा. आज आल्यापासून त्याने तो शब्द टाळून वाक्यं जुळवली होती, आणि ते काम फ्रिजपेक्षा अवघड जात होतं.

त्याने प्लग काढला. घरघर थांबली.

"आधी सगळं बाहेर काढू."

सासूबाई पुढे झाल्या. डबे, बरण्या, बाटल्या एकेक करून ओट्यावर आल्या. फ्रिज अगदी गच्च भरलेला होता. एकट्या बाईच्या फ्रिजमध्ये एवढं काय असतं, असं त्याच्या मनात आलं. कस्टर्डचं मोठं भांडं निघालं. त्यामागे दही आणि मसाला चोळून ठेवलेल्या चिकनचा झाकणबंद डबा.

"हे कधी ठेवलंत?"

"सकाळीच. तुम्ही यायच्या जरा आधी. म्हटलं आज होईलच दुरुस्त."

फ्रीझर रिकामा झाल्यावर त्याने आतल्या मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले. पत्रा सुटेना. बर्फाने तो धरून ठेवला होता. हलवत, चुचकारत त्याने तो ओढला, आणि मागे पांढरी भिंतच दिसली. ज्या नळ्यांतून थंडावा तयार होतो त्या नळ्या बर्फात पार गाडल्या गेल्या होत्या. पंख्याची पातीही त्यातच अडकली होती.

"हे बघा. गारवा तयार होतो तो फक्त इथे, वर. हा पंखा तो खाली ढकलतो, या फटीतून. फटच बुजली. वरच्याचं वर राहिलं, खालच्याला काही मिळेना."

"एकत्र कुटुंबासारखं," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"पण एवढा बर्फ आला कुठून?"

"बाहेरची दमट हवा आत शिरत असणार. दार नीट लागत नसेल."

त्याने वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, फ्रीझरच्या दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. बाजूने ती घट्ट अडकली. खाली अडकली. वरच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद बाहेर आली. त्याने तिथलं रबर बोटाने चाचपलं. ते खाचेतून सुटून आतल्या बाजूला दुमडलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. त्यांनी आयुष्यभर शिवणाचे क्लास घेतले होते.

"पायपिंग उसवलंय म्हणा की."

"तसंच. आणि फ्रिजही पुढे झुकलाय, म्हणून दार आपोआप मिटत नाही. हा आधी खिडकीशी होता ना? इथे कधी आणला?"

"झाले पंधरा-वीस दिवस. शेजारच्यांनी सरकवून दिला. दाराला धरूनच ओढला मेल्यांनी." त्या थांबल्या. "तिथे टेबल ठेवायचं होतं."

त्याने वळून पाहिलं. खिडकीशी नवं टेबल होतं. या घरात सगळे ओट्यालगतच्या स्टुलांवर बसून जेवायचे. जागा नाही म्हणून टेबलाचा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी मिटायचा.

"पाहुणे येणार आहेत?"

"उद्या दुपारी."

त्याची नजर ओट्यावरच्या चिकनच्या डब्यावर गेली.

"ती तर खात नाही."

"नाही खात."

सासूबाईंनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"लग्नाचं बोलणं आहे. त्याची आई पण येणार आहे," त्या म्हणाल्या.

तो पुन्हा फ्रीझरकडे वळला. हातातला स्क्रूड्रायव्हर बर्फापासून चार बोटांवर होता. त्या बर्फाआड कुठेतरी पातळ नळी होती. एक टोचा चुकून जरी बसला तरी गॅस निघून गेला असता आणि हा फ्रिज उद्याच काय, परत कधीच गार झाला नसता. चूक कुणी काढली नसती. मग त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

"सुरीबिरी लावायची नाही याला," तो म्हणाला. "गरम पाणी ठेवा. आणि टेबलफॅन आणा."

वाफाळतं पातेलं फ्रीझरमध्ये ठेवलं, समोर पंखा लावला, खाली वर्तमानपत्रं आणि जुने टॉवेल अंथरले. मग वाट बघण्याखेरीज काम उरलं नाही. सासूबाईंनी चहा केला. दोघं दोन स्टुलांवर बसले. टेबलाशी कुणी गेलं नाही.

"तुम्हाला बोलवायला नको होतं मी," त्या म्हणाल्या. "मेकॅनिक सोमवारशिवाय यायला तयार नव्हता. दुसरं कुणी सुचेना. लोक म्हणतील, गरज सरो नि वैद्य मरो."

"वैद्य मेला कुठे? चहा पितोय."

त्या हसल्या नाहीत. बर्फाचा एक मोठा तुकडा सुटून पातेल्यात धपकन पडला आणि दोघंही दचकले.

दुपार कलायला आली तेव्हा नळ्या मोकळ्या झाल्या. पंख्याचं पातं बोटाने फिरू लागलं. पाणी जायच्या भोकात मटारचा एक दाणा अडकून बसला होता; सासूबाईंनी क्रोशाची सुई आणून तो असा काही उचलला की त्याला बघत राहावंसं वाटलं. रबर त्याने गरम पाण्याच्या फडक्याने शेकून मऊ केलं. तो अंगठ्याने दाबत गेला आणि सासूबाई सुईच्या बोथट टोकाने कड खाचेत बसवत गेल्या. बिजागरीचे स्क्रू आवळले. पुढचे पाय जरा उंच केले, तसं दार सोडल्यावर आपलं आपण मिटलं. कागदाची पट्टी वरच्या कोपऱ्यात धरून सासूबाईंनी स्वतः ओढली. ती फाटली, पण निघाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचे हात ओले होते. त्यांनी करंगळीने बटण दाबून फोन ओट्यावर ठेवला, आणि मुलीचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात पसरला.

"आई, फ्रिजचं काय झालं?"

"होतोय दुरुस्त. आलाय एक जण."

"कोण? सोमवारी येणार होता ना तो?"

"अगं, मिळाला दुसरा."



"काय बिघडलं होतं?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर बसून ओली वर्तमानपत्रं गोळा करत होता. तोंडातून शब्द न काढता त्याने दाराच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून दाखवला.

"दाराचं रबर निघालं होतं," त्या म्हणाल्या. "सरकवताना. मग आत बर्फ झाला."

"हं."

मागे कुठेतरी गाड्यांचे आवाज येत होते.

"आई, फ्रिज भिंतीला लावताना त्याला एकट्याला ढकलू देऊ नकोस. जमतंय, जमतंय म्हणेल. तू ऐकू नकोस. मग कंबर धरून बसतो."

सासूबाईंनी फ्रिजकडे पाहिलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"बरं. ठेवते मी."

फोनचा उजेड विझला. तो हातातला ओला कागद घडी घालत राहिला. कागद घडीवर फाटला, तरी त्याने दुसरी घडी घातली. सासूबाईंनी हात पुसले. फडकं खांद्यावर टाकलं, फ्रिजला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि दोन्ही पंजे त्याच्या कडेला टेकवले.

"चल, ऊठ," त्या म्हणाल्या. "तू तिकडून धर."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी एकेरीत बोलावलं नव्हतं. तो उठला. दोघांनी मिळून ढकललं. पाय फरशीवर करकरले, आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला.

"बस. मागे हवा खेळायला पाहिजे," तो म्हणाला आणि त्याने प्लग लावला. "रात्रीपर्यंत खालीही गार होईल. तोवर सारखं उघडून बघू नका."

"नाही बघत."

त्याने हत्यारं पिशवीत भरली. सासूबाई एकेक डबा फडक्याने पुसून आत ठेवत होत्या. चिकनचा डबा हातात आला तेव्हा त्यांनी झाकण उघडून वास घेतला, आणि तो आत न ठेवता शेगडीजवळ ठेवला. मग कढई काढली.

"ते उद्याचं ना?" त्याने विचारलं.

"सकाळपासून बाहेर आहे. आता ठेवण्यात अर्थ नाही." त्यांनी शेगडी पेटवली. "उद्याचं उद्या आणता येईल. तू हात धू."