चिनाई मेंदीचा वायदा

जानेवारीत गुडघ्यांचं निमित्त करून आईला, स्मिताबाईंना, हेब्बाळच्या वृद्धाश्रमात सोडताना उल्हासने तोंड भरून वचन दिलं, "तुझी चिनाई मेंदी फुलली ना, की त्याच दिवशी घरी घेऊन येतो. प्रॉमिस!"

वचन द्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं? येलहंक्याच्या घरापुढचं ते कमरेएवढं झुडूप पार बोडकं झालं होतं. उल्हासच्या लेखी ते मेलेलं. इतकी वर्षं त्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दर थंडीत ते पानं टाकतं आणि पुन्हा फुटतं, हे त्याला कळणार कुठून? स्मिताबाईंनी ते काडीपासून वाढवलं होतं. त्या नुसत्या हसल्या आणि "बरं" म्हणाल्या.

फेब्रुवारीअखेर फांद्यांवर तांबूस कोंब दिसले आणि उल्हासला आपलं वचन आठवलं. आईच्या खोलीत त्याने एव्हाना ऑफिस थाटलं होतं. मोठं टेबल, दोन स्क्रीन, दार लावलं की शांतता. मग रोज सकाळी दात घासत तो बाहेर जायचा आणि शेंडे खुडायचा. चांगला निवांत, भाजी निवडावी तसा. लाज म्हणून काही असते, ती याच्या गावीही नव्हती.

पण शेंडा खुडला की चिनाई मेंदी उलट जास्तच फुटते. एकाच्या चार फांद्या झाल्या. मे महिन्यात कामासाठी तो पंधरा दिवस हैदराबादला गेला आणि परत येऊन बघतो तर झुडूप गुलाबी घोसांनी लगडलेलं! येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते.

त्याने शेजारच्या शिवाप्पांकडून कोयता मागून आणला, झुडूप बुंध्याशी तोडलं आणि घरात येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, तुझी मेंदी काही जगली नाही गं. खूप प्रयत्न केला मी."

स्मिताबाई मार्चपासून बॅग भरून बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनवर त्याला नीट न्याहाळलं. डोळे भरून आले, पण आवाज कापरा झाला नाही.

"खांद्यावर पाकळी आहे तुझ्या. झटक."

उल्हासने झटकली. पलीकडे आई निपाणीच्या पवित्राला, आश्रमातल्या मदतनीस मुलीला, सांगताना ऐकू आली, "पवित्रा, बॅग रिकामी कर गं. साड्या कपाटात लाव."

उल्हासला मनापासून हायसं वाटलं. दहाच्या मीटिंगला तो वेळेवर बसला.