फक्त ऐकायचा सेट

"याचा दिवा बंद होते का जी?" अंकुशने विचारलं.

देवाजींना प्रश्न आवडला. गिऱ्हाइकं बहुधा रंग विचारतात, नाहीतर यात गाणी लागतात का ते विचारतात. हा माणूस मुद्द्याचं विचारत होता.

"होते ना. हे बटन दाबून धरा. दिवाही बंद आन् बटनाचा आवाजही बंद. खिशात ठेवला तं कोनाले समजनार नाही, चालू हाये का बंद."

"कानात घालाची वायर?"

"लागते. पन एकाच कानात घाला, दुसरा मोकळा ठेवा. चाळीस वर्सं हेच केलं मी."

पुढच्या खोलीतल्या टेबलावर चार स्कॅनर मांडले होते. दुसऱ्यांचं बिनतारी बोलणं पकडणारे हे रेडिओ. फायर ब्रिगेडचं, विमानतळाचं, जंगलखात्याचं, ज्याचं हवेत असेल त्याचं. यातून बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. देवाजी पोलिसांच्या बिनतारी विभागातून रेडिओ मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून सक्करदऱ्याच्या तलावामागच्या या घरात ते जुने सेट दुरुस्त करत आणि ओळखीपाळखीने विकत. परवान्याबद्दल कायदा काय म्हणतो ते त्यांना तोंडपाठ होतं. पण तोंडपाठ असलेली गोष्टसुद्धा माणूस सोयीने विसरतो. "ऐकल्यानं कोनाचं काय जाते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बोलायचा सेट त्यांनी घरात कधी ठेवला नाही आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

अंकुश तिशीचा, नीटनेटका माणूस. कोणाकडून तरी 'वायरलेसवाले काका' एवढं ऐकून आला होता. मोबाइलवर बातम्यांचा चॅनल चालवतो म्हणाला. कुठे काय घडलं ते आधी कळलं तर कॅमेरा घेऊन आधी पोचता येतं.

"पोलिसांचं विसरून जा भाऊ," देवाजी म्हणाले. "त्याईचं आता सारं डिजिटल झालं, कुलूपबंद. लाखाचा सेट आना, खरखर ऐकू येईन, मानूस नाही."

बातमीवाल्याचा चेहरा इथे उतरायला हवा होता. अंकुशचा उतरला नाही. देवाजींच्या ते लक्षात आलं नाही, कारण लगेच तो म्हणाला, "तुमच्यासारखा समजावून सांगनारा आख्ख्या नागपुरात भेटला नाही जी," आणि देवाजी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले.

मग त्यांनी एकेक सेट हातात घेऊन दाखवला. पहिला मोठा, टेबलावरचा. कान तिखट, पण घर सोडून हलत नाही. दुसऱ्याला चॅनल भरपूर, मात्र एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत बोलणारा बोलून मोकळा होतो. चौथा चिनी, स्वस्त. गल्लीतलं ऐकेल, गावाबाहेरचं नाही. तिसरा मुठीत मावणारा आणि देवाजींनी स्वतः आतून सुधारलेला होता.

"हा घ्या. याच्यासारखा नाही."

"खोलगट भागात पकडते का? म्हंजे नाल्या-गिल्यात?"

"दुसरा कोनता नाही पकडनार. हा पकडन."

"पारशिवनीच्या पुढं गेलो तं?" अंकुशने जरा थांबून म्हटलं, "सासुरवाडी हाये तिकडं."

"तिकडं तं अजून चांगला. इथून मले छतावरच्या एरियलवर येते, तुमाले नुसत्या दांडीवर येईन."

"काय येते जी तिकडचं?"

देवाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊला दोन मिनिटं कमी होती.

आता हे सांगायलाच हवं. देवाजींची एकुलती एक मुलगी अस्मिता पारशिवनीच्या पुढच्या जंगलात वनरक्षक होती. साळई नावाच्या संरक्षण कुटीवर ती आणि दोन वनमजूर राहत. तिथे मोबाइलला रेंज नाही. सकाळी नऊ वाजता प्रत्येक कुटी वायरलेसवरून रेंज ऑफिसला, म्हणजे वनक्षेत्राच्या कचेरीला, सांगते, आज गस्त कुठे जाणार आणि कधी परतणार. दोन वर्षं देवाजी आणि त्यांची बायको मनकर्णा सकाळी नऊला हा आवाज ऐकून चहा पीत होते. दिवाळीत अस्मिता घरी आली तेव्हा तिला हे कळलं. ती ओरडली नाही. "बाबा, हे बंद करा. माझी नोकरी जाईन, ते सोडा. पन आमी कुठं जातो हे जंगलाबाहेर कोनालेच माहीत नसावं," एवढंच म्हणाली. देवाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी नऊला त्यांनी सेट लावला. बापाचं काळीज आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. काळीज होतंच, पण खोडही होती. कोणताही सेट दुरुस्त झाला की तो तपासायला ते हाच चॅनल लावत.

आजही बोटं आपोआप तिथेच गेली.

"साळई टू रेंज, साळई टू रेंज. गस्त निघाली. मी आणि दोन मजूर. कक्ष एकशे चाळीस, तिथून सहा नंबर. चार वाजता परत. ओव्हर."

आवाज असा स्वच्छ आला की अंकुश पुढे सरकून बसला. देवाजींच्या ओठांवर आलं होतं, ही माझी पोरगी. त्यांनी ते गिळलं. दिवाळीचा शब्द अगदीच वाऱ्यावर सोडायचा नाही म्हणून ते नुसते म्हणाले, "असन कोनी गार्ड." आपण तोंड सांभाळलं याचं त्यांना बरंही वाटलं.

"एकशे चाळीस म्हंजे?" अंकुशने विचारलं.

आणि तोंड सांभाळणाऱ्या देवाजींनी ते सांगून टाकलं. एकशे चाळीस म्हणजे साळई नाल्याचा वरचा भाग. सहा नंबर म्हणजे तिथला पाणवठा; मे महिन्यात आजूबाजूला तेवढंच पाणी. कुटीवरून पायी अडीच-तीन तास. दोन वर्षं ऐकून ऐकून त्यांनी नकाशाच पाठ केला होता आणि तो दाखवायला माणूस पहिल्यांदा मिळाला होता.

"बंदुका असतीन ना त्याईच्याजवळ?"

"कायच्या बंदुका? काठ्या असतात."

अंकुशने भावताव न करता सेट घेतला. फोन करायचा म्हणून तो बाहेर ओट्यावर गेला, तिथूनच हात जोडले आणि गाडीला किक मारली. मनकर्णाबाई खिडकीशी कूलरमध्ये पाणी भरत होत्या. गाडी वळेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. नळाखालची बादली भरून वाहायला लागली.

"अजी," त्या आत येऊन म्हणाल्या, "कोन होता हा मानूस?"

"बातम्यावाला."

"तो फोनवर काय म्हने माहीत हाये का? म्हने, सहा नंबरले येऊन राहिले, बाराच्या आत माल उचला. आन् नसन उचलनं होत तं तिघंच हायेत, काठ्याच हायेत."

देवाजींच्या मनात पाल चुकचुकली नाही. ती वेळ निघून गेली होती. दिवा बंद होतो का, नाल्यात पकडतो का, बंदुका असतात का, हे सगळं एकदम समोर आलं. त्या माणसाने फायर ब्रिगेडबद्दल एक शब्दही विचारला नव्हता.

मनकर्णाबाईंनी मुलीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. टेबलावर तीन सेट होते, तिन्ही उत्तम चालणारे, आणि तिन्हींतल्या एकातूनही तिला एक शब्द सांगता येत नव्हता.

"तिच्या हापिसात लावा ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "क्यालेंडरवर लिवला हाये नंबर."

देवाजींनी लावला. घड्याळात पावणेदहा झाले होते.

"रेंज ऑफिस," पलीकडून एक माणूस म्हणाला.

"साळईची गस्त परत बोलवा. सहा नंबर पाणवठ्यावर शिकारी हायेत. त्याईले माहीत हाये गस्त येऊन राहिली."

"तुमी कोन? आन् गस्त सहा नंबरले हाये, हे तुमाले कसं माहीत?"

इथे फोन ठेवता आला असता. निनावी खबर म्हणून कोणी तरी पुढे कळवलं असतं, किंवा नसतं. देवाजींनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या.

"मी देवाजी. अस्मिता मॅडमचा बाप. मी रोज तुमचा वायरलेस ऐकतो. आज त्या मानसाले मीच ऐकवलं, आन् पाणवठा कुठं हाये तेही मीच सांगितलं. ऐकाचा सेटही मीच देला."

"फोन ठेवू नका," तो माणूस म्हणाला. बाजूला कोणाशी तरी घाईने बोलणं झालं. मग तो पुन्हा आला. "साहेब जीप घेऊन निघून राहिले. मी मॅडमले वायरलेसवर सांगतो, शिकारी हायेत म्हनून..."

"नका सांगू!" देवाजी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "तो ऐकून राहिला. तुमी सांगितलं का त्याईलेही समजन. ते जवळ असले तं तिले गाठतीन. दुसऱ्या चॅनलवर गेले तं तिथंही येईन तो, सेट तसाच हाये तो."

"मंग जीप पाठवून काय होते? कुटीच्या पुढं पायीच जा लागते. मॅडम त्याच्या आधी पोचन."

"तेच तं. तिले परत फिरवा, पन दुसरंच काही सांगून. घरचा निरोप सांगा."

"आई बिमार हाये म्हनू का?"

देवाजींनी नकारार्थी मान हलवली, जणू तो माणूस समोरच होता. मार्चमध्ये मनकर्णाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा असाच निरोप गेला होता. जंगलात वणवा होता. अस्मिता आली ती तिसऱ्या दिवशी, वणवा विझवून. आजही ती 'चारला परत आल्यावर बघते' म्हणाली असती. पोरगी बापाच्या वळणावर गेली होती.

"बाप मेला म्हना," देवाजी म्हणाले.

मनकर्णाबाईंनी त्यांचा दंड धरला. "असं अभद्र काहून बोलता?"

"दुसऱ्या कायनं फिरनार नाही ती. सांगा भाऊ. त्या मानसाले माहीत नाही मी तिचा बाप हावो म्हनून. त्याले खरंच वाटन."

फोन कानाशी धरूनच त्यांनी टेबलावरचा मोठा सेट लावला. तोच माणूस आता दोन ठिकाणांहून बोलला, फोनमधून आणि सेटमधून.

"रेंज टू साळई. रेंज टू साळई."

उत्तर नाही. वरच्या नाल्यात एक वळण असं आहे की तिथे आवाज पोचत नाही, हे देवाजींना माहीत होतं. त्यांनी तेही अंकुशला सांगितलं होतं की नाही, हे आठवायचा ते प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हतं. दर पाच मिनिटांनी तो माणूस हाक मारत राहिला. सातव्या हाकेला खरखर झाली.

"साळई. बोला."

"साळई, तुमच्या घरून निरोप हाये. वडील वारले. गस्त सोडून लवकर परत या. ओव्हर."

मनकर्णाबाई टेबलाजवळ आल्या आणि सेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"निरोप पुन्हा सांगा," अस्मिता म्हणाली. नियमच आहे तसा, महत्त्वाचा निरोप दोनदा घ्यायचा. त्या माणसाने पुन्हा सांगितला.

"किती वाजता?"

हे त्याने ठरवलं नव्हतं. "सव्वानऊला," तो सुचेल ते बोलला.

सव्वानऊला देवाजी अंकुशला पाणवठ्याची वाट समजावत होते.

"समजलं," अस्मिता म्हणाली. एक श्वास ऐकू आला, अर्धवट तुटलेला. "आईजवळ कोणी आहे का, तेवढं विचारा. परत निघते. ओव्हर."

मनकर्णाबाई तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या, कुंकू लावलेल्या आणि नवरा शेजारी उभा असलेल्या. आपल्या मागे पोरगी कशी रडेल हे कोणत्याही बापाला ऐकायला मिळत नाही, आणि ते का मिळू नये हे देवाजींना आता समजलं.

फोन पुन्हा आला तो सव्वादोनला. तोवर दोघांपैकी कोणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"मॅडम हापिसात पोचल्या," तोच माणूस म्हणाला. "साहेबाईची पार्टी सहा नंबरले गेली. पान्याच्या कडेनं तार टाकली होती, आन् तारेत करंट चालू होता. चितळ मरून पडलं होतं. मानसं पळाली. अजून कोनी सापडलं नाही. साहेब संध्याकाळी तुमच्याकडं येतीन, सेट जप्त करा लागतीन. जबानीही होईन."

"या म्हना. अस्मिताले सांगितलं का? मी हावो म्हनून?"

"सांगितलं. सारंच सांगा लागलं जी."

"काय म्हनली?"

"रजिस्टरमधी परत आल्याचा टाइम लिवला आन् बाहेर झाडाखाली जाऊन बसल्या." तो माणूस अडखळला. "आता आत येऊन एकच विचारून राहिल्या. तुमच्या घरचा सेट अजून चालू हाये का म्हने."

देवाजींनी टेबलाकडे पाहिलं. दिवाळीत हो म्हणणं किती सोपं गेलं होतं.

"चालू हाये," ते म्हणाले.

त्या माणसाने ते शेजारी कोणाला तरी सांगितलं. मग तो माणूस हळूच म्हणाला, "बंद करा म्हनते."

देवाजींनी बटण फिरवलं. मोठ्या सेटचा दिवा गेला. मग दुसरा, मग चिनी; सकाळपासून बंदच असलेले हे दोन्हीही त्यांनी हात लावून पाहिले.

"केले बंद. सांगा तिले."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मनकर्णाबाईंनी तोंडावरून पदर फिरवला.

"आन् त्या मानसाजवळचा?" त्यांनी विचारलं.

"तो चालू हाये," देवाजी म्हणाले, आणि संध्याकाळी येणाऱ्या साहेबांसाठी टेबलावरच्या सेटांच्या वायरी गुंडाळायला लागले.