दप्तरं डावीकडे कशी?

उज्वला मावसबहिणीच्या लग्नासाठी वणीला गेली, दोन दिवस शाळा बुडवली आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत तिची रिक्षा पेपरात झळकली!

तिची म्हणजे यादवकाकांची. सातपूरच्या कॉलनीतली शाळकरी पोरं रोज सकाळी गोळा करून शाळेत सोडणारी. लग्नाचे लाडू घेऊन उज्वला घरात शिरली, तर पप्पांनी लाडवांकडे बघितलंसुद्धा नाही. पेपर पुढे सरकवला.

"हे बघ तुझ्या लाडक्या काकांचे प्रताप."

फोटोत रिक्षा पाठमोरी उभी होती. रस्त्याच्या उजव्या कडेला, पुढचं चाक गटारात. वर ठळक अक्षरांत मथळा : ‘उलट्या बाजूने बेफाम रिक्षा, चिमुकले बालंबाल बचावले’. छपाई अशी फुटकी की नंबराच्या जागी नुसता काळा डाग. टपावरचं रेक्झिन नवंकोरं, त्यावर नाव रंगवायचं अजून राहिलेलं.

"पोरांना लागलं का?" तिने घाबरून विचारलं.

"खरचटलंय दोघांना. पण लागलं असतं तर? शनिवारी शाळेत पालकांची मीटिंग लावलीय. यादवला बंद करायचं. अर्जावर पहिली सही माझी."

फोटो तर समोर होता. काका उलट्या बाजूने? पोरं आत असताना? तिला काकांचा रागच आला. त्याच तिरीमिरीत ती चपला अडकवून कोपऱ्यावरच्या स्टँडवर गेली.

काका रिक्षेचा चेपलेला पत्रा ठोकत बसले होते.

"काका, तुम्ही उलट्या बाजूने गेलात?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. "टेम्पोनं मागून दाबलं पोरी. म्या बाजूला घेतली, चाक गटारात. एवढंच ठावं हाय मला. पण तो फोटू बघून बघून आता मलाच वाटाया लागलंय, गेलो आसंन उलटा. फोटू काय खोटं बोलतो व्हय? शाळेची फेरी गेली म्हंजी मग रिक्षा इकून गावाला जायाचं. दुसरं काय!"

माणसाला स्वतःचं आठवतंय ते खोटं वाटावं आणि पेपरातलं खरं? उज्वलाचा राग कुठल्या कुठे पळाला आणि त्या जागी एक हट्ट येऊन बसला. खरं काय ते शोधायचंच.

गेल्या वर्षी हे तिला जमलं नसतं. तेव्हा ही पोरगी हजेरीलासुद्धा इतकी हळू ‘हजर’ म्हणायची की बाई दोनदा गैरहजेरी मांडायच्या. पण यंदा नववीला मोहिनीबाई आल्या. शिकवायच्या मराठी, पण त्यांनी एक भलतंच काढलं. दर गुरुवारी एक बातमी फळ्यावर चिकटवायची आणि दिवसभर प्रत्येक विषयाच्या तासाला तिला प्रश्न विचारायचे. मराठीत, यातला कुठला शब्द बातमीचा आणि कुठला बातमीदाराच्या मनाचा? गणितात, आकडा कशातून काढला? विज्ञानात, असं घडू शकतं का? बाकीचे शिक्षक आधी कुरकुरले. "पोर्शन कोण पुरा करणार, मोहिनीबाई का?" असं विज्ञानाचे रविराज सर सगळ्यांदेखत म्हणाले. मग त्यांनाच चटक लागली. आणि उज्वलाचा आवाज फुटला तो असा फुटला, की आता वर्गाला तिला गप्प करावं लागायचं.

गुरुवारी तिने आपणहून तो फोटो फळ्यावर लावला.

"बाई, आज हीच बातमी."

"तुमच्या रिक्षेची?" बाई म्हणाल्या. "बघ हं. आपल्याला हवं तेच उत्तर येईल असं नाही."

"येऊ दे काय यायचं ते!"

मराठीच्या तासाला ‘बेफाम’ पकडला गेला. वेग कुणी मोजला, ते बातमीत कुठेच नव्हतं. गणिताच्या तासाला ‘बहुतेक पालक संतप्त’वर हशा पिकला, कारण त्या रिक्षेतल्या एकाही पोराच्या घरी बातमीदार गेला नव्हता. पण फोटो तसाच राहिला. उजव्या कडेला, ढिम्म.

मधल्या सुट्टीत सगळे डबा खायला गेले. उज्वला फळ्यापुढेच पोळीचा रोल खात उभी. आपली रोजची रिक्षा, तरी काहीतरी परकं दिसतंय, पण काय? मग तिचा घास तोंडातच राहिला.

दप्तरं!

काका दप्तरं उजवीकडे टांगतात. उजवीकडे आडवी दांडी, तिला हुक. पोरं चढतात डावीकडून. फोटोत दप्तरं डावीकडे लोंबत होती!

रविराज सर वर्गात शिरायच्या आधीच ती ओरडली, "सर, फोटो उलटा छापलाय!"

"सरळच दिसतोय की."

"खाली-वर नाही सर. डावं-उजवं!"

सर पुढे आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटोला नाक लावलं. मग प्रयोगशाळेतून सपाट आरसा आणवला आणि फोटोसमोर धरला. चाळीस डोकी आरशावर झुकली. आरशात दप्तरं उजवीकडे गेली, डावीकडे रिकामी वाट झाली आणि अख्खी रिक्षा रस्त्याच्या डाव्या कडेला जाऊन उभी राहिली. जिथे असायला हवी तिथे!

"निगेटिव्ह पालथी पडली असणार छापताना," सर पुटपुटले. "हे घडू शकतं. सहज घडू शकतं."

मोहिनीबाई दारातच उभ्या होत्या. "शनिवारी मीटिंगला विद्यार्थी नसतात," त्या म्हणाल्या. "पण मी मोठ्या बाईंशी बोलते. मांडायचं मात्र तुलाच."

शनिवारी हॉल भरलेला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मधोमध. यादवकाका मागच्या भिंतीला टेकून, मान खाली. आणि पहिल्या रांगेत हातात सह्यांचा कागद घेऊन पप्पा. उज्वला आरसा घेऊन पुढे झाली. बोलायला लागली ती ठणठणीत. आरसा फिरवला, सगळ्यांना दाखवलं.

पप्पा उठले. "त्या दिवशी दप्तरं डावीकडे टांगली असतील."

"मग पोरं कुठून चढली, पप्पा? टपावरून?"

हॉल हसला. पप्पा हसले नाहीत. "आणि मीटर? तेही उलटं दिसतंय का?"

"मीटर डावीकडे असतं. फोटोत उजवीकडे दिसतंय. रिक्षा बाहेर उभी आहे, चला बघायला."

निम्मा हॉल खरंच बाहेर गेला. पेपर धरून रिक्षेभोवती ही गर्दी! एक आजोबा तर आरशात बघून बघून मोठमोठ्यांदा ‘डावं, उजवं’ म्हणत होते.

सगळे परत बसले, तरी पप्पा उभेच. "मान्य. बाजू बरोबर होती. पण वेगाचं काय? जोरात नव्हता कशावरून?"

हा प्रश्न उज्वलाला नको होता. ‘काका कधीच जोरात चालवत नाहीत’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"ते फोटोवरून कळत नाही. मी तेव्हा वणीला होते, मी बघितलेलं नाही. पण पेपरवाल्यांनी तरी कुठे बघितलंय? ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा ना. काका मागेच उभे आहेत. त्यांना एकाने तरी विचारलं का?"

सगळ्या माना मागे वळल्या. काका भिंतीपासून सुटले. आधी घसा खाकरला, मग सरळ उभे राहिले.

"म्या डाव्या अंगानंच व्हतो," ते म्हणाले. "सावकाश व्हतो. टेम्पोनं दाबलं. पोरं गटाराकडनं उतरवली ती बी म्याच."

"आमचा पिंट्या हेच सांगत होता," एक आई चटकन म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, गप, पेपरात आलंय ना!" मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. प्रत्येकीच्या घरातलं पोर तेच सांगत होतं आणि प्रत्येक घरात त्याला गप्प बसवलं होतं.

पप्पांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, पेन काढलं आणि आपल्याच सहीवर आडवी रेघ ओढली. मग इतरांना म्हणाले, "बघा, तुमचं तुम्ही." कागद रांगेतून फिरत गेला आणि मोठ्या बाईंकडे पोचला तेव्हा त्यावर नुसत्या रेघा होत्या.

"सोमवारपासून या, यादवराव," मोठ्या बाई म्हणाल्या. काकांनी फक्त हात जोडले.

बाहेर येऊन पप्पांनी स्कूटरला किक मारली. "बस मागे. भूक लागलीय."

"घरी नाही, पप्पा."

"मग?"

"पेपरच्या ऑफिसात. आपल्या हॉलला कळलं, पण ज्यांनी तो पेपर वाचला त्यांना अजून काका उलट्या बाजूलाच दिसतायत. तोच फोटो तेवढाच मोठा छापायचा, या वेळी सरळ!"

"ऐकतील ते आपलं?"

"नाही ऐकलं तर उद्या परत जाऊ."

पप्पांनी हेल्मेट तिच्या हातात दिलं आणि स्कूटर शहराच्या दिशेने वळवली.