तपासणीच्या आठवड्यातला श्वास

दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात सदाशिव पेठेतील श्वाससोबत मंडळाची सर्व ऑक्सिजन यंत्रे रुग्णांच्या घरांतून मंडळाच्या खोलीत परत येतात. त्या आठवड्यात कोणताही रुग्ण बरा झालेला नसतो.

मित्रांनो, त्या यंत्रांपैकी मी एक जुना कॉन्सन्ट्रेटर आहे. नाव अवघड असल्यामुळे लोक मला 'ऑक्सिजनचं मशीन' म्हणतात. मी ऑक्सिजन तयार करतो असाही त्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मी खोलीतली हवा आत ओढतो आणि झिओलाइट नावाच्या बारीक खड्यांमधून दाबाने नेतो. ते खडे नायट्रोजन धरून ठेवतात. मागे उरतो तो बहुतांशी ऑक्सिजन. म्हणजे मी नवे काहीच देत नाही, नको ते तेवढे बाजूला काढतो. एवढ्यासाठी लोक मला हात जोडतात तेव्हा संकोच वाटतो. परंतु आज जी लाज सांगायची आहे ती त्या संकोचाहून वेगळी आहे.

महापालिका काही स्वयंसेवी संस्थांना अनुदान देते. अशाच एका अनुदानातून महासाथ ओसरल्यावर माझी खरेदी झाली आणि तशी पट्टी माझ्या पाठीवर चिकटवली गेली. मंडळ सुनीतीताई चालवतात. त्या रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका आहेत. खराडीच्या एका कंपनीत काम करणारा अवधूत सुटीच्या दिवशी आम्हांला स्कूटरवरून घरोघर पोचवतो. गरजूंना आम्ही विनामूल्य मिळतो, गरज संपेपर्यंत.

माझी सर्वांत दीर्घ नेमणूक स्वारगेटच्या मागे, वेणूबाईंच्या खोलीत झाली. लातूरकडच्या गावी त्यांचे आयुष्य चुलीच्या धुरात गेले होते आणि फुप्फुसांनी त्याची नोंद ठेवली होती. मुलगा उत्तरेश्वर कारखान्यात पाळीवर जातो. त्यानेच त्यांना पुण्यात आणले. मी आलो त्या दिवशी वेणूबाईंनी माझ्यावर भरतकामाचा रुमाल घातला.

"काकू, याला झाकू नका," अवधूत म्हणाला. "हवा मिळाली नाही तर गुदमरतं."

"अगं बाई, ह्याला बी दम लागतो व्हय?" वेणूबाई हसल्या आणि हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्यानंतर रुमाल कधी आला नाही. आठवड्याला माझा फिल्टर मोरीत धुतला जाई आणि सावलीत वाळे. माझ्या घरघरीची त्यांना इतकी सवय झाली की वीज गेली की त्या झोपेतून जाग्या होत. मित्रांनो, यंत्राला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नसते. मला मात्र दुसऱ्याच एका प्रशस्तिपत्राची हाव होती.

तपासणीच्या आठवड्यात आम्हांला पुसून, चकचकीत करून, पट्ट्या समोर येतील अशा रीतीने ओळीत मांडत. महापालिकेचे अधिकारी पाहत आणि म्हणत, "वा, अगदी नव्यासारखी ठेवलीत!" त्या शब्दांनी मला आनंद होत असे. मी कोठून उठून आलो आहे, याचा मी त्या वेळी विचार करत नसे.

यंदाही अवधूत मला न्यायला आला. त्याने सोबत एक लहान सिलिंडर आणला होता.

"दोनच दिवस, काकू. तोवर हा वापरा."

उत्तरेश्वर दारात उभा होता. "दादा, मग आईला दोन दिवस श्वास जरा बेतानं घे म्हणून सांगू का?"

अवधूतने खाली पाहत सुनीतीताईंना फोन लावून दिला. त्यांचा आवाज मला ऐकू आला. "अहो उत्तरेश्वर, मला कळतंय. पण अनुदान थांबलं तर एकाचं नाही, सगळ्यांचंच मशीन जाईल. समजून घ्या."

उत्तरेश्वरने समजून घेतले. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ओळीत उभा होतो. तपासणीसाठी या वेळी दीपमाला मॅडम आल्या. त्या या कामावर नवीन होत्या. त्यांनी माझी पट्टी वाचली आणि स्थिती उत्तम असल्याचे म्हटले. तेवढ्यात कारखान्याच्या गणवेशातच उत्तरेश्वर आत आला.

"सिलिंडर संपत आलाय. आई रात्रीपासून आडवी झालेली नाही, नुसती बसून आहे. बघून झालं असेल तर आमचं मशीन नेऊ का?"

दीपमाला मॅडमनी चष्मा काढला.

"हे यांच्याकडे वापरात आहे? मग इथे काय करतंय?"

"आपली तपासणी असते ना, मॅडम," सुनीतीताई म्हणाल्या.

"तपासणी असते, हो. पण मशीन उचलून इथे आणा असं कोणी सांगितलं?"

"दर वर्षी असंच..."

"अहो ताई, वापरात असलेलं मशीन आम्ही तिथे जाऊन पाहायचं असतं. पत्ता दिला असतात तर मी गेले असते. स्वारगेट काय परदेशात आहे?"

सुनीतीताईंनी स्वतः रिक्षा बोलावली आणि उत्तरेश्वरच्या शेजारी मला मांडीवर घेऊन बसल्या. वाटेत त्यांचे हात माझ्या पट्टीवर होते, जणू ती झाकायची होती.

वेणूबाई खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसल्या होत्या. नखे निळसर झाली होती आणि बोलण्याइतकाही श्वास उरला नव्हता. नळी लावली, मी सुरू झालो. बऱ्याच वेळाने त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि उत्तरेश्वरला विचारले,

"पास झालं का रं आपलं मशीन?"

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच काळजी होती. सुनीतीताई माझा फिल्टर काढून मोरीत गेल्या. तो आदल्याच दिवशी धुतलेला होता. मी पूर्ण क्षमतेने चालत होतो, आणि इतकी लाज मला बंद पडल्यावरही कधी वाटली नव्हती.

मित्रांनो, माझी काळजी जरूर घ्या. धूळ पुसा, फिल्टर धुवा, ओलीत ठेवू नका. मात्र कोणी माझ्या आधाराने श्वास घेत असेल, तर मला दाखवण्यासाठी तेथून उचलू नका.

पुढच्या बैठकीत सुनीतीताईंनी सर्वांना एकच प्रश्न विचारला: यंत्रे खोलीत हवीत, असे आपल्याला कोणी, कधी सांगितले? एकालाही आठवेना. मग कारण सापडले. पहिल्या तपासणीच्या वेळी आम्ही नुकतेच आलो होतो आणि मंडळाकडे अद्याप एकही रुग्ण नव्हता, म्हणून आम्ही सर्व खोलीत होतो. आमच्या त्या ओळीचे कौतुक झाले. दुसऱ्या वर्षी ती ओळ कोणी मागितली नव्हती. मंडळाने विचारले नाही; कौतुक पुन्हा मिळावे म्हणून रुग्णांच्या घरांतून आम्हांला उचलले आणि ओळ मांडली.